कला विभागाची नवी इमारत : एकच खोली सगळ्यांना पुरते का? (नागपूर)

शुक्रवारी_तलाव

नमस्कार मंडळी. विषय जरा लांबलचक आहे, पण इथे बांधकामवाले, नाटकवाले, गाणारे-वाजवणारे सगळेच आहेत म्हणून इथेच विचारतो.

मी नागपुरात एका कॉलेजात चित्रकला शिकवतो (नाव नको). चित्र, शिल्प, संगीत, नृत्य आणि नाट्य असे पाचही विभाग आता एका नव्या इमारतीत जाणार आहेत, तळमजला अधिक दोन मजले. बांधकाम समितीत शिक्षकांच्या बाजूने मी आहे. पहिल्या मिटिंगला जो नकाशा आला त्यात प्रत्येक मजल्यावर ३० बाय ४० फुटाच्या सारख्या सहा खोल्या, मधे सरकती पार्टिशन्स, आणि सगळीकडे एकच शब्द लिहिलेला, 'बहुउद्देशीय'. समितीला फार आवडला. आज चित्रांचा वर्ग, उद्या पार्टिशन सरकवलं की नाटक, परवा प्रदर्शन. माझ्या मात्र पोटात गोळा आला, आणि का आला ते तिथे धड सांगता आलं नाही.

आत्ताच्या इमारतीत काय होतं ते सांगतो. गायनाची परीक्षा चालू होती, मुलगी यमनचा आलाप घेत होती, बाहेरून आलेले परीक्षक डोळे मिटून ऐकत होते आणि वरच्या मजल्यावर कथकची तयारी सुरू झाली. चाळीस पायांतले घुंगरू. मुलगी थांबली, परीक्षकांकडे पाहिलं, पुन्हा सा लावला, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तिचा आवाजच निघाला नाही. मी दारात उभा होतो, तो चेहरा मला विसरता येत नाही. नव्या इमारतीत हेच होणार असेल तर नवी कशाला बांधायची?

तर प्रश्न असा, की बदलता येणारी इमारत म्हणजे नेमकं काय? आणि एसी, कुलर, एक्झॉस्ट या गोष्टींचा विचार आधी करायचा की नकाशा पक्का झाल्यावर?

अजनीवाला

आधी. काका, शंभर टक्के आधी. आमच्या ऑफिसात नंतर केला, आता डक्टखालून (एसीची हवा नेणारी पत्र्याची पेटी) वाकून जावं लागते.

नवतपा

तुमचा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. २२ वर्षं एसी-व्हेंटिलेशनचंच काम करून राहिलो आहे, त्यातली बरीचशी नागपुरात.

लोकांना वाटते इमारत बदलायची म्हणजे भिंती सरकवायच्या. भिंत काहीच नाही हो, भिंत तर गवंडी दोन दिवसात पाडून देईल. अडतं ते छताच्या वर. खोली दोन भागात केली की एका भागात हवा सोडणारे चारही डिफ्यूझर जातात आणि दुसऱ्यात परतीची जाळी. एकीकडे पोरं कुडकुडतात, दुसरीकडे गुदमरतात. थर्मोस्टॅट एकच, तो ज्या बाजूला राहिला त्यांचं राज्य.

आणि तुमची ती आलापवाली मुलगी, तिला सरकत्या पार्टिशननं काहीच फायदा होणार नाही. पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच येते, त्याच्या वरची पोकळी मोकळी असते, आवाज तिथून उडी मारून पलीकडे जातो. पार्टिशनच्या वर स्लॅबपर्यंत भिंत भरून घेतली तरी दोन्ही खोल्यांना एकच डक्ट असेल तर तबला डक्टमधून ऐकू येतो, अगदी बोलसकट. म्हणून प्रत्येक खोलीला मुख्य डक्टपासून वेगळी फांदी, फांदीत आवाज गिळणारा सायलेन्सर, आतून अस्तर. हे सगळं बसवायला छताखाली जागा लागते. दोन मजल्यांमधली उंची १२ फूट धरली असेल तर विसरा. निदान १५ धरा, नाटकाच्या खोलीला त्याहून कितीतरी जास्त.

संगीत आणि नाटकाच्या खोलीत हवेचा वेग कमी ठेवायचा, म्हणजे डक्ट मोठा करायचा. त्याच हवेला लहान डक्टमधून ढकललं की सुसाट आवाज येतो. सभागृहाला आम्ही एनसी (मशीनच्या आवाजाचं माप) २० ते २५ धरतो, म्हणजे मशीन चालू आहे की बंद हे बसलेल्या माणसाला कळूच नये. साध्या वर्गाला ३५ चालते. आता मला सांगा, एकाच खोलीत आज वर्ग आणि उद्या गाणं, तर डक्ट कोणाच्या मापाचा? गाण्याच्याच. म्हणजे 'कुठलीही खोली कशीही वापरा' म्हटलं की सगळ्या खोल्यांत सगळ्यात महागडं काम करावं लागते, नाहीतर कुठलीच खोली धड होत नाही.

वास्तुवेडी

नवतपा, यातलं निम्मं आम्हाला कॉलेजात कोणी शिकवलंच नव्हतं.

अमेरिकन वास्तुकार लुई कानने हे फार आधी मांडलंय. त्यानं इमारतीच्या जागांचे दोन भाग केले, माणसं जिथे काम करतात त्या जागा आणि त्यांची सेवा करणाऱ्या जागा म्हणजे जिने, पाइप, डक्ट. फिलाडेल्फियातल्या रिचर्ड्स प्रयोगशाळेत त्यानं डक्ट आणि जिन्यांचे विटांचे मनोरेच बाहेर काढले. पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमध्ये (१९७७) तर सगळंच बाहेर, हवेचे पाइप निळे, पाण्याचे हिरवे, विजेचं पिवळं, माणसांची ये-जा लाल. आत मोकळे मजले मिळावेत म्हणून केलेला खटाटोप.

पण रिचर्ड्समधलं एक विसरू नका. तिथल्या शास्त्रज्ञांच्या डोळ्यांवर इतकं ऊन यायचं की त्यांनी काचांवर चांदीचा कागद चिकटवला. कल्पना कितीही थोर असो, रोज बसणाऱ्याच्या डोळ्यावर ऊन आलं की तो कागद चिकटवतोच. आणि पाँपिदूसारखे पाइप नागपूरच्या उन्हात बाहेर काढले तर थंड हवा खोलीत पोचेपर्यंत कोमट होईल.

अजनीवाला

ऊन म्हटलं की ५६ डिग्री आठवतं. ३० मे २०२४, नागपुरात ५६ नोंदल्याची बातमी. माझ्या मामेबहिणीचा पुण्याहून फोन, जिवंत आहात ना.

नवतपा

तो सेन्सर बिघडला होता, हवामान खात्यानं नंतर सांगितलं. पण अजनीवाला, बोललात तर इथलंच उदाहरण देतो. इमारतीतही असंच होते. एका कॉलेजात थर्मोस्टॅट खिडकीशेजारच्या भिंतीवर लावला होता. दुपारी तीनला त्या भिंतीवर ऊन, सेन्सर म्हणे ३३, मशीन जीव खाऊन चालायची आणि मुलं शाल घेऊन बसायची. मशीन दोनदा बदललं, शेवटी सेन्सर सहा फूट सरकवला.

मातीकाम

मी शिल्पकलेतून. वरचं सगळं खरं आहे पण सगळे गाण्याचंच बोलून राहिले, आमचं कोण बोलणार?

तुमच्या नकाशात ३० बाय ४० च्या खोलीत शिल्प म्हणता, बेसिन कुठे आहे? बेसिन म्हणजे चहाचे कप धुवायचं नाही. आम्ही प्लास्टरची बादली धुतो. प्लास्टर पाण्यात घट्ट होतं, पाइपात गेलं की दगड. आमच्याकडे वर्षातून दोनदा प्लंबर येऊन पाइपच कापून नेतो, एकदा त्यानं कापलेला तुकडा दाखवला, आत मधोमध बोट जाईल इतकंच भोक उरलं होतं, बाकी पांढरं शुभ्र. बेसिनखाली गाळ बसायची टाकी हवी, दोन आडव्या पाट्या टाकलेली, दर शनिवारी उपसता येईल अशी. ही टाकी आणि तिचा उतार सरकवता येत नाही. म्हणजे शिल्पाची खोली बदलती नसते. ती एकदा ठरली की ठरली, आणि तळमजल्यावरच.

भट्टी तर अजून वेगळी. माती भाजायला ९००-१००० डिग्री लागतात, रात्रभर चालते, तिला स्वतःची खोली, स्वतःचा एक्झॉस्ट, स्वतःची विजेची लाइन.

छापचित्रण, म्हणजे ॲसिडनं प्लेट खोदून चित्राचे छाप काढायचं काम, आहे का तुमच्याकडे?

शुक्रवारी_तलाव

आहे. जस्ताची प्लेट, नायट्रिक ॲसिड. सध्या खिडकी उघडून करतो.

मातीकाम

खिडकी उघडून! अहो सर, त्या प्लेटवर जो तांबूस-तपकिरी धूर उठतो तो हवेपेक्षा जड असतो. छताला पंखा लावला तर तो धूर पोराच्या नाकासमोरून वर खेचला जातो. ट्रेच्या मागेच, ट्रेच्या उंचीला, लांब फटीसारखा एक्झॉस्ट पाहिजे, म्हणजे धूर तोंडापासून लांब ओढला जातो. हे मी हात जोडून सांगून राहिलो. माझे एक शिक्षक चाळीस वर्षं खिडकी उघडूनच करत होते, शेवटच्या वर्षांत जिना चढता येत नव्हता त्यांना.

नवतपा

मातीकामशी पूर्ण सहमत. आणि ती हवा परत फिरवायची नाही, एकदा बाहेर गेली की गेली. शिल्प, छापचित्रण, वेल्डिंग यांचा एक्झॉस्ट बाकी इमारतीच्या एसीत अजिबात मिसळायचा नाही. जितकी हवा बाहेर फेकाल तितकी ताजी हवा आत द्यावी लागते हेही हिशेबात धरा, नाहीतर दार उघडायला दोन माणसं लागतात.

हिशेबी_वही

सगळ्यांचं ऐकून घेतलं. मी अशाच एका संस्थेत लेखा विभागात होतो, आता रिटायर. कटू वाटेल पण बोलतो.

अनुदान स्क्वेअर फुटावर येतं, उंचीवर येत नाही. १५ फूट उंची, मोठे डक्ट, वेगळा एक्झॉस्ट, हे सगळं ऐकायला छान आहे पण टेंडरच्या दिवशी पहिलं काय कापलं जातं माहीत आहे? हेच. आणि एकदा बांधलेली खोली पाच तास वापरायची आणि बाकी वेळ कुलूप, हेही मला पटत नाही. बहुउद्देशीय हा शब्द हावरेपणातून आलेला नाही, टंचाईतून आलाय. आमच्याकडे हॉलमध्ये सकाळी परीक्षा, दुपारी स्नेहसंमेलनाची तालीम, रात्री लग्नसुद्धा लागलं आहे एका शिपायाच्या मुलीचं. फार सुंदर झालं होतं.

झाडीची_पोर

हिशेबी काका, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. मी गडचिरोलीकडच्या वडसा भागातली आहे, आमच्याकडे झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातली) नाटकं भाताची कापणी झाली की सुरू होतात, गावाबाहेर मांडव, रात्रभर प्रयोग, वादक रंगमंचासमोरच. दुसऱ्या दिवशी ते सगळं उचलून पुढच्या गावाला. त्याहून बदलती इमारत कुठली? पण लक्षात घ्या, तिथे जागा रिकामी असते म्हणून बदलते. तिच्यात आधीच कोणी काही बसवून ठेवलेलं नसतं.

मी नाट्य विभागात शिकले. तिथलं ब्लॅक बॉक्स थिएटर म्हणजे तेच, एक रिकामी काळी पेटी. वर पाइपांची जाळी, दिवा कुठेही टांगा. खाली सपाट मजबूत जमीन. प्रेक्षक एका बाजूला, दोन बाजूंना, चारी बाजूंना, जसं नाटक तसं. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचं एक्सपेरिमेंटल थिएटर आहे तसं. आपल्याकडे देशपांडे सभागृह आहे, रेशीमबागला सुरेश भट सभागृह आहे, पण दोन हजार खुर्च्यांसमोर दुसऱ्या वर्षाच्या पोराचं चाळीस मिनिटांचं नाटक कसं उभं राहणार? त्याला दीडशे माणसं आणि हातभर अंतर पाहिजे.

परवा वाचलं, अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात २०२३ साली लिंडेमन सेंटर उघडलं, तिथला मुख्य हॉल पाच वेगवेगळ्या रचनांमध्ये बदलतो, भिंती, छत, जमीन सगळं हलतं. नवतपा काका, अशा ठिकाणी एसी कसा करतात?

नवतपा

छान विचारलंस. ठरलेल्या खुर्च्यांच्या सभागृहात सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे खुर्चीखालून हळूच थंड हवा सोडायची, १८-१९-२० डिग्रीची. माणूस हा हीटरच आहे, नुसता बसला तरी १०० वॅट. त्या उष्णतेनं हवा आपोआप वर जाते, वरून काढून घ्यायची. आवाज नाही, वारा नाही, आणि थंडावा माणसांपुरताच, वरचा रिकामा भाग थंड करत बसायला नको.

पण ब्लॅक बॉक्समध्ये खुर्च्या भिंतीत सरकतात, मग खालून हवा सोडायची कुठून? त्यामुळे भिंतीच्या कडेने, खाली, मोठ्या जाळ्या करून तीच हवा सावकाश सोडतात. म्हणून भिंतीचा खालचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो, तिथे सेटचं सामान रचायचं नाही. हे नाटकवाल्यांनी पाळलं पाहिजे, मी आत्ताच सांगून ठेवतो!

२०० माणसं म्हणजे नुसत्या माणसांचे २० किलोवॅट, जवळपास सहा टन. त्यात दिवे आणि बाहेरची हवा वेगळी. सकाळी तिथेच १२ पोरं वाचन करत असतील तर? तेव्हा सहा टन कशाला. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर बसवला की माणसं किती आहेत ते मशीनला कळते आणि तेवढीच ताजी हवा आत येते. खरी बदलती गोष्ट ही आहे, भिंतीपेक्षा.

सम_पे_आलो

तबलेवाल्याचंही ऐका. मे महिन्यात पुडी (तबल्याचं कातडं) इतकी ताणते की स्वर चढतो, जुलैत ओल आली की उतरतो. एसी खोलीतून बाहेरच्या मंचावर गेलं की पाच मिनिटांत सगळं बदललेलं. आमच्या विभागात रात्री एसी बंद करतात, सकाळी पुन्हा सुरू, तानपुऱ्याचा भोपळा एका उन्हाळ्यात तडकला. तो माझ्या गुरुजींचा होता. वाद्यांची खोली लहान का असेना, पण तिथली हवा चोवीस तास, बारा महिने सारखी पाहिजे. तेवढी एक खोली बदलती करू नका.

वास्तुवेडी

मला एक कळत नाही, सगळीकडे एसीच का? नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर उन्हाळा काढला आहे.

नवतपा

अगदी बरोबर, आणि याचं गणित करून पाहा. मेमधली दुपार, ४४ डिग्री आणि २० टक्के आर्द्रता धरा. पाण्यानं हवा जास्तीत जास्त २४-२५ पर्यंत थंड होऊ शकते, चांगला कुलर २८-२९ ची हवा देतो. पंखा असला की चित्रांच्या वर्गाला ती भरपूर झाली. पण हेच जुलैत करा, हवा आधीच ओली, कुलर नुसता चिकचिक वाढवतो. कागद लाटांसारखा होतो.

आता महत्त्वाचं. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो मेच्या शेवटी, तेव्हा कॉलेजला सुट्टी. इमारत भरलेली असते जुलै ते मार्च-एप्रिल. सगळे लोक ४५ डिग्रीचा धाक घेऊन मशीन मोठं घेतात आणि खरा त्रास होतो तो पावसाळ्याच्या दमटपणाचा, त्याकडे कोणी पाहतच नाही. मोठं मशीन पावसाळ्यात दोन मिनिटं चालते, खोली गार करते, बंद पडते, ओल तशीच. भिंतीला बुरशी, कॅनव्हासला बुरशी.

म्हणून मी तरी असं करीन. चित्र, शिल्प, नृत्य यांना उंच छत, जाड भिंती, मोठे पंखे आणि डक्टमधून येणारा कुलर. नाटक, गाणं, रेकॉर्डिंग, वाद्यांची खोली आणि प्रदर्शन यांना एसी, पण लहान लहान तीन-चार मशीन, एकच धूड नाही. एक बिघडलं तर बाकी चालू. आणि डिसेंबर-जानेवारीत खिडक्या उघडता आल्या पाहिजेत! न उघडणाऱ्या काचा नागपुरात का लावतात मला आजवर समजलं नाही.

वास्तुवेडी

यावर भोपाळचं भारत भवन आठवलं, वास्तुकार चार्ल्स कोरियांचं, १९८२. तलावाच्या उतारावर जमिनीत उतरवलेल्या खोल्या, मधे चौक, वर गच्ची. काळोखी सावली आणि चौकातला उजेड. नाटक चौकात होतं, प्रदर्शन आत. बदलतं काय तर माणूस सावलीप्रमाणे जागा बदलतो. तुमच्या जागेत मधे चौक बसेल का?

हिशेबी_वही

चौक स्क्वेअर फुटात मोजत नाहीत, सांगून ठेवतो. पण चौकाला एसी पण लागत नाही. आणि एक कबूल करतो, सरकत्या साउंडप्रूफ पार्टिशनचा भाव साध्या भिंतीच्या कितीतरी पट असतो. आमच्याकडे बसवली होती, पहिल्या वर्षी दहा वेळा सरकवली असेल, मग चाक बसलं, मग तिच्यावर नोटीस बोर्ड ठोकला. तो पैसा उंचीत घातला असता तर बरं झालं असतं.

झाडीची_पोर

काका!! 🙏

शुक्रवारी_तलाव

दोन दिवस कामात होतो, आज सगळं पुन्हा वाचलं, वहीत उतरवलं. तुमच्यामुळे पोटातल्या गोळ्याला शब्द सापडले. मिटिंगला सांगणार आहे ते असं, की कुठल्या खोल्या कधीच हलणार नाहीत ते आधी ठरवू, म्हणजे तळमजल्यावर शिल्प, भट्टी आणि छापचित्रण, आणि एका कोपऱ्यात वाद्यांची खोली. नृत्यही तळमजल्यावर, लाकडी जमीन देऊन, डोक्यावर कोणाच्याच नाही. गाणं दुसऱ्या टोकाला, मशीनच्या खोलीपासून लांब. चित्रांचे वर्ग सगळ्यात वर, उत्तरेचा उजेड घेऊन. बदलती फक्त दोन ठिकाणं, ब्लॅक बॉक्स आणि मधला चौक. पार्टिशन्स रद्द, तो पैसा उंचीला आणि उभ्या शाफ्टना (पाइप-डक्ट वरखाली न्यायच्या पोकळ्या). शाफ्टमध्ये थोडी जागा रिकामी सोडायची, वीस वर्षांनी कोणाला काय लागेल आपल्याला काय माहीत.

हिशेबी काका, टेंडरच्या दिवशी काय काय कापलं जातं त्याची यादी करून द्याल का? म्हणजे मी आधीच त्यावर बोलून ठेवतो.

हिशेबी_वही

रविवारी फोन करा. सायलेन्सर पहिल्या नंबरवर आहे.

मातीकाम

सर, एकच राहिलं. शिल्पाच्या खोलीचं दार. आमच्याकडे एका पोरीनं सात फुटी घोडा केला, वर्षभर, फायबरमध्ये ओतला, आणि दारातून निघेना. मान कापावी लागली. तिनं स्वतः कापली, करवत मी धरू दिली नाही कोणाला. पुन्हा जोडला, पण मानेवरची ती रेष तिला रोज दिसते म्हणते.

शुक्रवारी_तलाव

रुंदी किती लिहू?

मातीकाम

दहा फूट. दोन झडपांचं, मधे खांब नको. आणि उंची बारा. बाहेर ट्रक मागे येईल इतकी जागा, पायरी नको, उतार करा.

शुक्रवारी_तलाव

लिहिलं.